पहिला चमचा

१२ जानेवारी

मामा,

तुमच्या पायांवर डोकं ठेवते, लाथ मारणार नसाल तर. मी निघाले तेव्हा तुम्ही दारातसुद्धा आला नाहीत. असू दे. पत्र लिहायला कुणीतरी लागतं, आणि मला तुमच्याशिवाय आहे कोण?

पोचले, कामालाही लागले. आता मी फौजदार नाही. सगळे जिला काकी म्हणतात त्या बाईच्या रुग्णसेवा ब्युरोतली नवी मुलगी आहे. पांढरा एप्रन, रबरी चप्पल, केस घट्ट बांधलेले. मोबाईल काकीनं पहिल्याच दिवशी काढून घेतला. ब्युरोचा नियमच आहे, मुलींनी पेशंटकडे फोनवर बोलत बसायचं नाही. म्हणून हा कागदाचा उद्योग. खात्याचा एक माणूस गल्लीच्या तोंडाशी चावीवाला होऊन बसलाय. पत्रं त्याच्या हातून जातील-येतील, बंद पाकिटात. तो पाकीट फोडणार नाही असं धरून चालू. फोडलंच तर माझी नोकरी गेली, कारण ताई माझी सख्खी बहीण होती हे खात्यात कुणालाच माहीत नाही. भाऊजींनी तिला टाकलं पण आडनाव मागे ठेवून गेले, ते असं उपयोगाला आलं.

साहेबांना एवढंच ठाऊक आहे की काकीच्या मुली ज्यांची सेवा करतात ती म्हातारी माणसं जरा लवकर जातात, आणि जायच्या आधी घर काकीच्या नावावर करून जातात. मला एक गोष्ट जास्त ठाऊक आहे. ताई अशाच एका आजीकडे कामाला होती. ताई गेली आणि महिन्याभरात ती आजीही गेली, अगदी ताईसारखीच हाल होऊन. ताईला काहीतरी कळलं होतं आणि काकीनं तिचं तोंड बंद केलं. तुम्ही म्हणता हा नुसता संशय आहे. असेल. मी तो खरा करून दाखवीन.

ज्यांच्याकडे मला ठेवलंय ते आजोबा एक नमुना आहेत. जन्मभर ड्रायव्हिंग स्कूल चालवलं, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणतात. पाय गेलेत, हात थरथरतात, पण तोंड शाबूत आहे. चाकाच्या खुर्चीतून न्हाणीघराकडे वळवलं की ओरडतात, आधी आरशात बघ! काल मी खुर्ची दाराला आपटली तर म्हणाले, तुला लायसन्स दिलं कुणी?

आणि काकी. मला वाटलं होतं घारे डोळे, पातळ ओठ, असलं काहीतरी असेल. ही तर लठ्ठ, धापा टाकत जिना चढणारी, स्वतःच्याच विनोदावर हसणारी बाई. रोज दुपारी थर्मासमध्ये सूप घेऊन येते. पहिल्या दिवशी सगळं घर फिरून दाखवलं. औषधं इथे, टॉवेल तिथे, मास्तरांचं मीठ वेगळं, रक्तदाबासाठी, निळ्या झाकणाच्या डबीत. मग माझ्या हनुवटीला हात लावून म्हणाली, किती वाळली आहेस गं, घरी कुणी जेवायला घालत नाही का?

त्या हातानं ताईलाही असंच धरलं असेल. मी हसले. मामा, मला हसता आलं याचीच मला भीती वाटली.

तुमची,
धाकटी

२३ जानेवारी

चि. मिरचीस,

आशीर्वाद. ते रागावर अवलंबून नसतात, नाहीतर तुला लहानपणापासून एकही मिळाला नसता.

दारात आलो नाही कारण आलो असतो तर तुझी बॅग धरून ठेवली असती. म्हाताऱ्या हवालदारानं फौजदाराची बॅग ओढत रस्त्यात उभं राहायचं, शोभलं असतं का ते? हसू नकोस. तू फौजदार झालीस तेव्हा मी शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगत सुटलो होतो, कानामागून आली अन् तिखट झाली म्हणून. आता कुणी विचारलं की सांगतो, ट्रेनिंगला गेलीय.

तुझी आई गेल्यापासून तुम्ही दोघी माझ्या ताटात जेवलात. एकीला मी माझ्या या हातांनी शेवटचं पाणी पाजलं. तू तेव्हा ड्यूटीवर होतीस, तू फक्त शेवट बघितलास. मी सगळं बघितलं. सकाळी उशी उचलली की केसांचा झुपका हातात यायचा. तळपायांची अशी आग व्हायची की अंगावरची चादरसुद्धा पायांना सोसायची नाही, मी ती दोन खुर्च्यांवर ताणून धरायचो. डॉक्टर म्हणाले नसांचा आजार आहे. कुठल्या नसा, कसला आजार, ते त्यांनाही माहीत नव्हतं. हे मी तुला कधी सांगितलं नाही, कारण तू आधीच पेटलेली होतीस.

आता ऐक. आख्खी नोकरी मी कोठडीच्या दारात उभं राहून काढली. गजांच्या आतल्या माणसाशी रोज चार शब्द बोलावे लागतात. आज जेवलास का, झोप लागली का, एवढंच. महिन्याभरानं लक्षात येतं की आपण तो जेवला की नाही याची खरोखरच काळजी करतोय. मैत्रीचं सोंग फार दिवस वठवता येत नाही. समोरच्याला कळतं म्हणून नव्हे, आपणच विसरतो म्हणून.

पुरावा मिळाला की साहेबांच्या हातात दे आणि सूड वगैरे डोक्यातून काढून घरी ये. माझ्याकडे आता एकच भाची शिल्लक आहे.

मामा

१७ फेब्रुवारी

मामा,

काकी आता मला ‘बाळ’ म्हणते. ऐकून दात आंबतात, पण मी ‘हो काकी’ म्हणते.

रोजचा रिवाज झालाय. ती येते, थर्मास उघडते, तीन वाट्या भरते. एक तिची, एक माझी, एक मास्तरांची. सूप अळणी असतं. आम्ही दोघी वरून साधं मीठ घालतो, मास्तरांच्या वाटीत मी आत ओट्यापाशी जाऊन निळ्या डबीतलं. मग मी त्यांना भरवते, ते ‘दुसरा गिअर टाक’ म्हणतात आणि काकी पोट धरून हसते. बाहेरच्या माणसानं बघितलं तर म्हणेल, काय गोड कुटुंब आहे.

तुम्हाला वाटेल मी नुसती बसून सूप पितेय. नाही. मी थर्मासमधलं थोडं सूप खोकल्याच्या औषधाच्या बाटलीत भरून चावीवाल्याकडे दिलं. तपासून आलं, काही नाही. औषधाच्या गोळ्याही दिल्या, काही नाही. प्यायचं पाणी, तेही स्वच्छ. साहेबांनी निरोप धाडलाय की महिन्याभरात काही हाती लागलं नाही तर परत ये. आणि इकडे मास्तर दर आठवड्याला थोडे थोडे विझत चाललेत. हल्ली खुर्ची आपटली तरी ओरडत नाहीत.

काकी आपणहून बोलते. तीही आधी अशीच आया होती. लोकांच्या आईबापांचं गूमूत काढण्यात तिची उमेदीची वर्षं गेली. म्हणाली, लेकरं येतात ती किल्ल्या मागायला, अंथरूण बदलायला एकही येत नाही. मग म्हातारं माणूस कुणाचं? जो पाणी देतो त्याचं. आणि उगाच लांबवून काय करायचं, त्यांनाही त्रास, आपल्यालाही. हे ती भाजी निवडत असावी तसं बोलली. मामा, पहिल्या वाक्याला माझी मान हलली होती. शेवटच्या वाक्याला थांबली.

परवा ती माझे केस विंचरायला बसली. फणी भरून केस आले. केवढे गळतायत गं, म्हणून दुसऱ्या दिवशी तेलाची बाटली घेऊन आली आणि स्वतः चोळलं. चोळता चोळता म्हणाली, माझ्याकडे तुझ्यासारखीच एक होती. गुणी पोर. आजारी पडली तेव्हा मी दोन डॉक्टर बदलून बघितले, पण काय झालंय तेच कुणाला कळेना. असं म्हणून डोळे पुसले. माझी पाठ तिच्याकडे होती म्हणून बरं, नाहीतर माझा चेहरा बघून ती बाटली टाकून पळाली असती. मारायचं आणि वर रडायचं! काय नाटकी बाई आहे.

मी ठीक आहे. दिवसभर उभं राहून तळपाय पेटल्यासारखे होतात, एवढंच. जागरणंही होतात. तुम्ही मागच्या पत्रात ताईचं लिहिलंत ते मी पुन्हा पुन्हा वाचते. त्यानं बळ येतं.

तुमची,
धाकटी

२६ फेब्रुवारी

चि. मिरचीस,

तुझं अक्षर बिघडलंय. पूर्वी ओळ सरळ जायची, आता उतारावरून घसरल्यासारखी जाते. घाईत लिहितेस की उभ्यानं? तेल-बिल लावून घेतेस, दूध-बिल पीत जा. जागरणानं केस गळतात, तुझ्या आईचेही तुमच्या दुखण्याखुपण्यात गळायचे.

माझं डोकं एका गोष्टीवर अडलंय. तू म्हणतेस काकीनं ताईला मारलं कारण ताईला काहीतरी कळलं होतं. मग ताईनं मला का नाही सांगितलं? शेवटचे दिवस ती माझ्याशीच बोलत होती. भाऊजींना शिव्या दिल्या, तुझ्या लग्नाची काळजी केली, मला विडी सोडायला सांगितलं. आणि काकीचं नाव चांगलंच घेतलं. काकी येऊन गेली, काकीनं फळं आणली, काकीनं पगार कापला नाही. माणूस मरताना खुन्याचं कौतुक करतो का?

दुसरं. ते रडणं. मी कोठडीत पुष्कळ रडणारे बघितलेत. खोटं रडणारा तुझ्याकडे बघून रडतो. ही तर तुझ्या पाठीमागे रडली. मला वाटतं ती खरंच रडली असेल. म्हणजे ती साधू आहे असं मी म्हणत नाही. म्हाताऱ्यांच्या बाबतीत साहेब म्हणतात ते खरं असेल. पण ताईचं गणित मला सुटत नाही, आणि न सुटलेल्या गणितात उभं राहणं मला आवडत नाही.

साहेबांनी परत बोलावलंय ना? मग ये. सुंभ जळला तरी पीळ जात नाही असं तुझं आहे, तरी सांगतोय.

मामा

९ मार्च

मामा,

लांब लिहिता येत नाही. बोटांना पेन कळत नाही. धरलंय की सुटलंय ते बघावं लागतं. फ्लू असेल.

तुम्ही काकीची बाजू घ्याल असं वाटलं नव्हतं. ताई भोळी होती, एवढंच. तिला मरतानाही कळलं नाही. म्हणून तर मला जास्त राग येतो.

साहेबांना मी निरोप दिला, आणखी थोडे दिवस द्या. सूप दुसऱ्यांदा तपासलं, काही नाही. कायद्यानं ही सापडायची नाही, माझी खात्री झालीय. मग दुसरा मार्ग आहे. स्वयंपाकघराच्या मागे लोखंडी जिना आहे. काकीचे गुडघे कामातून गेलेत. कचरा टाकायला ती मागनं उतरते तेव्हा माझा हात धरते, सगळा भार माझ्यावर टाकते. मी हात काढून घेतला की झालं. अपघात. मी फौजदार आहे, पंचनामा कसा होतो मला ठाऊक आहे. तुम्ही वाचून घाबराल, पण मी कुणाला सांगितल्याशिवाय राहू शकत नाही.

ती मला सुट्टी घे म्हणते. दुसरी मुलगी पाठवते म्हणते. मी नाही म्हटलं. मास्तर माझ्याशिवाय कुणाच्या हातचं खात नाहीत. हल्ली कुरकुर करतात, चव कडवट लागते म्हणतात. मी प्रत्येक वाटीला ओट्यापाशीच मीठ घालून आधी माझ्या जिभेला लावते आणि बाहेर येऊन सांगते, बरोबर आहे मास्तर, कडू बिडू काही नाही. मग घेतात. आपल्याकडे आजीला भरवायचो तसं.

ते मेले तर त्यांच्या आधी काकी मेलेली असेल, हे ठरलं.

धाकटी

१२ मार्च

मिरचे,

चमचा खाली ठेव. हे पत्र जिथे वाचत असशील तिथून उठ आणि त्या घरात पाऊल टाकू नकोस. चावीवाल्याला सांग, तो तुला दवाखान्यात नेईल. आता बाकीचं वाच.

तुझ्या आजीला अर्धांगवायू झाला होता तेव्हा एकदा गरम पेजेनं तिचं तोंड भाजलं. बिचारीला बोलता येत नव्हतं, डोळ्यांतून पाणी आलं तेव्हा कळलं. तुझ्या आईनं त्या दिवशी तुम्हा दोघींना नियम घालून दिला, दुसऱ्याला भरवायचं ते आधी आपल्या जिभेला लावायचं. दुसऱ्या कुठल्या घरात हा नियम मी बघितला नाही. ताईही मरेपर्यंत तसंच करायची, मला औषध देतानासुद्धा. मी हसायचो.

तुम्ही दोघी म्हाताऱ्यांच्या वाटीतलं खात होतात. काकीला ते माहीतच नाही. ताईला कुणी मारायला गेलं नव्हतं गं. ती जिच्याकडे कामाला होती त्या आजीच्या वाटीतला पहिला चमचा ताईनं रोज स्वतः घेतला. म्हणून तिला काही कळलं नव्हतं, म्हणून काकीलाही कळलं नाही, म्हणून डॉक्टर बदलले.

आणि तू सूप तपासलंस, गोळ्या तपासल्यास, पाणी तपासलंस. काखेत कळसा अन् गावाला वळसा. मिठाची डबी तपासलीस का?

मी आत्ता तुझ्या साहेबांकडे निघालोय. ताई तुझी बहीण होती हे सांगणार आहे, सगळंच सांगणार आहे. तुझी नोकरी गेली तर जाऊ दे. माझ्यावर रागव, शिव्या दे, पण त्यासाठी आधी जिवंत राहा.

मामा

३० एप्रिल

मामा,

हे पत्र मी सांगतेय आणि वॉर्डातल्या सिस्टर लिहितायत. माझ्या बोटांत अजून पेन राहत नाही. तुम्ही आलात, खुर्चीत बसून राहिलात, परत गेलात. मला त्यातला फक्त तुमचा खोकला आठवतो. विडी सोडली नाहीत ना अजून?

तुम्ही विचारून गेलात की त्या दिवशी काय झालं. तर तुमचं पत्र चावीवाल्याच्या खोक्यातच होतं. मला त्या दिवशी जिना उतरवेना, म्हणून आणायला गेलेच नाही.

काकी रोजच्यापेक्षा लवकर आली. माझ्या पायांसाठी मऊ सपाता घेऊन आली होती. मास्तरांच्या सकाळच्या पेजेची वाटी मी भरलेली, त्यात निळ्या डबीतलं मीठ घातलं, ढवळलं आणि चमचा ओठाला लावला. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. सपाता हातातून पडल्या.

“तू चाखतेस?”

मी म्हटलं, मग काय, भरवायच्या आधी चाखायचंच, आईनं शिकवलंय.

“रोज?”

रोज, प्रत्येक वेळी. ती पुढे आली, माझ्या हातातून वाटी काढून घेतली, मोरीत ओतली. मग स्टुलावर बसली. तिचा चेहरा असा झाला की मला वाटलं हिलाच काहीतरी होतंय. माझ्याकडे बघून म्हणाली,

“ती पण चाखायची का गं? तुझ्या आधीची?”

मामा, इतके दिवस जिभेवर दाबून ठेवलेलं सगळं त्या एका प्रश्नानं सुटलं. मी म्हटलं, ती माझी सख्खी बहीण होती, आम्हा दोघींची आई एकच, तिनं दोघींना एकच शिकवलं. आणि मी पोलीस आहे. ती पोलीस शब्दाला दचकलीसुद्धा नाही. तिला फक्त पहिलं वाक्य ऐकू आलं. तोंडावर हात ठेवून पुढे-मागे डोलत राहिली. तुम्ही म्हणाला होतात ते बरोबर होतं. ती खरं रडायची.

लोखंडी जिना चार पावलांवर होता. ती त्या वेळी कुठेही आली असती, मी हात धरून नेली असती तिथे. पण मलाच उभं राहता येत नव्हतं. मग तिनंच ॲम्ब्युलन्स बोलावली, मास्तरांना खाली उतरवलं, मला धरून उतरवलं. तेवढ्यात साहेबांचा निरोप मिळालेला चावीवाला मागोमाग धावत आला आणि त्यानं तिला दवाखान्याच्या दारातच धरलं. डॉक्टरांनी लगेच औषध सुरू केलं. मास्तर वाचले, मीही वाचले म्हणतात.

मला एक गोष्ट पचत नाहीय. मीठ मी घालत होते. काकीनं फक्त डबी भरून ठेवली. मास्तरांना रोज विष दिलं ते या हातानं, आणि त्या आजीला दिलं ते ताईच्या हातानं. मास्तर शेजारच्या वॉर्डात आहेत. पोलिसांना त्यांनी सांगितलं की काकी भली बाई आहे, वाटीत काहीतरी टाकताना मी या पोरीलाच बघत होतो. माझ्याकडे बघायला तयार नाहीत. आणि त्यात खोटं काय आहे?

साहेब येऊन गेले. बहिणीचं लपवलं म्हणून माझी चौकशी लागलीय. तुमच्यावर राग नाही. थोडा आहे, पण जाईल.

तुमची,
धाकटी

४ सप्टेंबर

चि. मिरचीस,

अनेक आशीर्वाद. काठी घेऊन दोन खोल्या चालतेस असं सिस्टरनी कळवलं. केस परत यायला लागले म्हणे. येऊ देत, सावकाश.

आज कोर्टात जाऊन आलो. काकीनं सगळं कबूल केलंय, म्हाताऱ्यांचं, घरांचं, डब्यांचं. पाच घरांत तसलीच डबी सापडली. गुन्ह्याबद्दल आता वादच नाही. वाद एवढाच आहे, फाशी की जन्मठेप.

तिला सरकारनं दिलेला वकील आहे, पोरगेलासा. तो म्हणाला, या बाईनं विषाचं नाव आपणहून सांगितलं, म्हणून पोलीस मुलगी आणि तो म्हातारा वाचले, याचा विचार व्हावा. सरकारी वकील म्हणाले, पुरावा काय? डॉक्टरांना नाव त्या मुलीनंच सांगितलं, तपास तिचा होता, तिला कळलं असणार. न्यायाधीशांनी काकीला विचारलं. ती उभी राहिली, बाकड्याला धरून. म्हणाली, “ती पोरगी सांगेल ते खरं.” एवढं बोलून बसली. माझ्याकडे एकदाच बघितलं तिनं. मी कोण हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, पण ओळखलं असावं. ताईचं नाक आणि माझं नाक एकच आहे.

तुझी साक्ष पुढच्या आठवड्यात आहे. मी डबीचा अंदाज केला होता, पण आत काय आहे ते मला माहीत नव्हतं. तुलाही नव्हतं, नाहीतर चाखलं नसतंस. डॉक्टर म्हणतात, नाव कळायला आणखी एक दिवस लागला असता तर दोघंही हातातून गेला असतात. मग नाव कुणी सांगितलं?

तू मागच्या पत्रात ते गाळलंस हे माझ्या तेव्हाच लक्षात आलं होतं. कोठडीचा हवालदार आहे मी, न बोललेलं मला आधी ऐकू येतं. काय सांगायचं ते तुला मी शिकवणार नाही. ताई माझ्या मांडीवर गेली. खरं सांगू? मला उत्तर हवंय आणि नकोही आहे.

मामा

११ सप्टेंबर

मामा,

हे मी माझ्या हातानं लिहितेय, वेळ लागला तरी.

नाव काकीनं सांगितलं. ॲम्ब्युलन्समध्ये माझं डोकं तिच्या मांडीवर होतं. माझी शुद्ध जात होती, आणि ती गालावर चापट्या मारून मला जागी करत होती. नाव सांगायची, म्हण म्हणायची. मी चुकले की पुन्हा सांगायची. दवाखान्याच्या दारात पोलीस आपल्याला धरणार, आत जाऊ देणार नाहीत, हे तिला कळलं होतं. आपलं कुणी ऐकणार नाही, पण फौजदाराचं ऐकतील, म्हणून तिनं ते माझ्याकडून घोकून घेतलं. गप्प बसली असती तर मी मेले असते, मास्तर मेले असते, आणि तिच्याविरुद्ध बोलायला कुणी उरलं नसतं. हे तिला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं.

तुमचं पत्र आल्यापासून मी एकच विचार करतेय. ती जगली तर कुठल्यातरी तुरुंगात आजारी बायकांची सेवा करेल, सगळ्या तिला काकी म्हणतील, कुणाचे तरी केस विंचरेल. ताईचे केस तुम्ही उशीवरून उचललेत.

काल कोर्टात मला विचारलं, विषाचं नाव तुम्हाला कुणी सांगितलं? काकी समोर होती. बारीक झालीय. माझ्या केसांकडे बघत होती, आलेत का ते. न्यायाधीशांनी प्रश्न पुन्हा विचारला. मी म्हटलं, मला आठवत नाही. या विषानं माणसाच्या डोक्यावर परिणाम होतो असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, त्यामुळे कुणी फार ताणलं नाही. तो पोरगा वकील खाली बसला.

काकीनं मान हलवली. मी मास्तरांना वाटी नीट भरवली की हलवायची, तशी.

तिची मला आठवण येते मामा, ताईची येते तेवढीच. हे मी दुसऱ्या कुणाला सांगू शकत नाही. निकाल सोमवारी आहे. मी जाणार नाही. तुम्ही जा आणि येताना माझ्याकडे या.

धाकटी